चौधरी काकूंचा उन्हाळा

चौधरी काकूंनी मला एकदाही ‘कशी आहेस’ असं विचारलं नाही. आई गेली त्या हिवाळ्यानंतर हा प्रश्न सगळेच विचारायचे, फोनवर, गेटपाशी, भाजीच्या गाडीजवळ. मी ‘ठीक’ म्हणायचे आणि समोरचं माणूस हलकं होऊन दुसरं काहीतरी बोलायला लागायचं. काकू थेट दुसऱ्यापासूनच सुरुवात करायच्या.

त्या आमच्या शेजारी राहायच्या. सिल्वासाच्या टोकरखाड्यात आमच्या सोसायटीत रो-हाउसची एक रांग आहे, तिच्यातलं शेवटचं घर त्यांचं, त्याच्या अलीकडचं आमचं. दोन्ही घरांच्या मागे थोडी मोकळी जागा आणि मध्ये कमरेएवढी भिंत. चौधरी काका सायलीतल्या एका धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्सला होते, माझे बाबा खडोलीत इंजिनियर. आम्ही नाशिकचे. ते यावलच्या बाजूचे, केळीच्या पट्ट्यातले. काकूंच्या वडिलांची केळीची मोठी बाग होती आणि ही गोष्ट ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत समोरच्याला कळलेली असायची.

आमच्या मागच्या जागेत आईने झाडं लावली होती. मोगरा, दोन जास्वंदी, कढीपत्ता, लिंबू, भिंतीवर जुई आणि कोपऱ्यात अनंत. अनंताची फांदी तिने नाशिकहून, तिच्या माहेरच्या अंगणातून आणली होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर ठेवून. त्याला पहिली कळी यायला तीन वर्षं लागली. मला त्या झाडांची नावं माहीत होती, बाकी काही नाही. मी घरून काम करते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप असतो, कानाला हेडफोन.

फेब्रुवारी संपताना एका सकाळी मागच्या दारात काकू उभ्या दिसल्या. फाटक पुढे आहे, म्हणजे त्या भिंतीवरून आल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या, पदर कमरेला खोचलेला.

“पाइप कुठे आहे व?” त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं.

“तुझ्या आईले मी दवाखान्यात सांगितलं होतं, झाडाचं टेन्शन नको घेऊ, उन्हाळा मी काढून देते. म्हणून आली.”

त्या पाइप घेऊन गेल्या. मी हेडफोन परत कानाला लावला. आई आणि त्यांच्यात असं काही बोलणं झालं होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते “बरं” म्हणाले. आई गेल्यापासून बाबा मागच्या दाराबाहेर गेले नव्हते.

काकूंच्या लेखी खरं ऊन फक्त जळगाव जिल्ह्यात पडायचं. सिल्वासात पडतं ते ऊन म्हणून धरायला त्या तयार नव्हत्या. घामाने चेहरा निथळत असताना त्या मला सांगायच्या, “हे काय ऊन आहे का? हे घामट आहे नुसतं. आमच्याकडे दुपारचा कावळाबी घरी विचारून उडते.” तरीही डोक्यावर ओला नॅपकिन आणि कमरेच्या पिशवीत कांदा असल्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत. कांद्याने ऊन लागत नाही म्हणे. मी एकदा दुपारी बँकेत निघाले तर त्यांनी माझ्याही पर्समध्ये एक कोंबला. मी तो विसरले. महिनाभराने पर्स उघडली तर त्याला हिरवा कोंब आलेला. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, म्हणाल्या, “पाहा, तुझ्या पर्समध्येबी जगते,” आणि खड्डा करून लावून टाकला.

त्यांचे नियम होते आणि ते मोठ्या आवाजात सांगितले जायचे. झाडाला जेवण एकदाच, सकाळी. दुपारी झाड मान टाकतं ते नाटक असतं, त्याला भुलायचं नाही, संध्याकाळी आपोआप उठून बसतं. उन्हाळ्यात फांदी कापायची नाही, खत घालायचं नाही, “आजारी माणसाले पुरणपोळी घालतं का कोणी?” सगळ्यात मोठा राग दुपारच्या पाण्याचा. एकदा बारा-साडेबाराला मला मोगरा लोळलेला दिसला म्हणून मी पाइप सुरू केला. भिंतीपलीकडून आवाज आला.

“काय करू राहिली व?”

“पाणी घालते. सुकलाय तो.”

काकू आल्या, माझा हात धरून पाइपच्या धारेखाली नेला. पाणी चटका बसेल इतकं गरम होतं. वरच्या टाकीतलं आणि उन्हात पडलेल्या पाइपमधलं.

“करशील याने आंघोळ?”

“नाही.”

“मग त्याले कशाले घालते?”

काकूंशी बोलताना माझ्या वाट्याला अशी एका शब्दाची उत्तरं यायची आणि मला ती बरी वाटायची. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी बोलते, पण घराबाहेर तोंड उघडायच्या आधी मनात वाक्य एकदा म्हणून पाहते. काकूंपुढे तेवढा वेळ मिळायचा नाही.

मार्चमध्ये त्यांनी प्रत्येक झाडाभोवती आळं केलं. आळं म्हणजे खोडाभोवती मातीची गोल पाळ, पाणी आतच थांबावं म्हणून. यावलला करतात तसं खोल, रुंद, थापून गुळगुळीत केलेलं. मग वर आच्छादन पाहिजे म्हणून त्यांनी नाक्यावरच्या रसवाल्याकडून उसाचा चोथा दोन पोती भरून आणला आणि सगळ्या आळ्यांत पसरला. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी मागच्या दाराच्या फटीतून त्यांची ओळ थेट आमच्या साखरेच्या डब्यात गेली. बाबांनी चहात एक मुंगी पाहिली, ती चमच्याने काढली आणि चहा प्यायले. मी काकूंना सांगितलं.

“त्या झाडाच्या मुंग्या आहेत,” काकू म्हणाल्या. “तुमच्या नाहीत.”

“पण घरात येतात.”

“पाहुण्या आहेत. चोथा वाळला का जातील.”

खरंच गेल्या. तोवर साखर आम्ही फ्रीजमध्ये ठेवली.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या पश्चिमेच्या बाजूला सावली करायला निघाल्या. केळीच्या बागेला पश्चिमेकडून आडोसा करतात, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच मारतं. काकांनी कंपनीतून वेस्ट धाग्याची बंडलं आणली होती, त्यांचे दोर वळून झाले. बांबू आले. कापड पाहिजे होतं.

“आईच्या कॉटनच्या साड्या आहेत का?” त्यांनी दारातून विचारलं. मी टेबलावर बसले होते.

“आहेत.”

“जुन्या दे चार-पाच. सिल्कच्या राहू दे, त्या तुले लागतील.”

मी कपाट उघडलं आणि वरच्या पाच काढून दिल्या. त्यात एक निळ्या ठिपक्यांची होती, ती जुनी नव्हती. ती परत घ्यावी असं क्षणभर वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. दुपारपर्यंत आईच्या साड्या बांबूंवर ताणून बांधलेल्या होत्या आणि खालची झाडं निळसर, पिवळसर दिसत होती. संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाणी पीत थांबले. ग्लास रिकामा झाल्यावरही थांबले.

दोन दिवसांनी सोसायटीतल्या एका बाईने काकूंना हटकलं, गेलेल्या माणसाच्या साड्या अशा बाहेर टांगू नयेत म्हणून. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, “मग काय पोतेरं करायचं होतं का?” पुन्हा तो विषय निघाला नाही.

समोरच्या घरातल्या हंसाबेन मात्र वेगळ्या कारणासाठी आल्या. त्यांचा जन्म इथलाच. त्यांनी आळ्यांकडे पाहिलं, वाकून एका आळ्यातला चोथा उचलला आणि परत टाकला.

“चौधरीबेन, आटलुं बधुं पाणी नहीं,” त्या म्हणाल्या. “अहिंयानी हवामां ज पाणी छे.” इथल्या हवेतच पाणी आहे, आणखी एवढं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

“हंसाबेन, हमने केले के बगीचे संभाले है,” काकू म्हणाल्या.

हंसाबेन हसल्या आणि गेल्या. त्या फाटकाबाहेर पडल्यावर काकू मला म्हणाल्या, “हिच्या घरी एक मनीप्लांट आहे, तोबी बाटलीत. मले शिकवते.”

अनंताची पानं पिवळी पडायला लागली ती त्याच सुमाराला. आधी खालची, मग मधली. काकूंनी पाणी वाढवलं. आठवडाभरात तो सकाळीही मान टाकायला लागला. सकाळचं मान टाकणं नाटक नसतं हे काकूंचंच म्हणणं होतं, म्हणून त्या घाबरल्या. सकाळी एक बादली, संध्याकाळी एक. एक साडी दुहेरी करून फक्त त्याच्यावर बांधली. दुपारी पाणी न घालण्याचा नियमही एकदा मोडला. माठातलं गार पाणी तांब्याने आणून त्या त्याच्या बुंध्याशी हळूहळू सोडत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मी खिडकीतून पाहिलं. त्यांचा चेहरा मी तोवर तसा पाहिला नव्हता. भुवया आक्रसलेल्या. डोक्यावरचा नॅपकिन कोरडा झाला होता, तो ओला करायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

अनंताला चार कळ्या धरल्या होत्या. त्या हिरव्याच गळून पडल्या. मग पानं तपकिरी झाली आणि झाडावरच राहिली.

रविवारी सकाळी आमची पुढची बेल वाजली. काकू पुढच्या दाराने कधी येत नसत. त्या दिवशी आल्या, धुतलेली साडी नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन. बाबा पेपर वाचत होते, ते उठून उभे राहिले.

“या ना वहिनी. बसा.”

“नाही बसत, भाऊ.” त्या उंबऱ्याच्या आत येऊन थांबल्या. “सांगायले आली. अनंत गेला माझ्या हातून.”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. कंपनीतला कोण अनंत, असं शोधत असावेत. मग त्यांना कळलं.

“त्यांनी नाशिकहून आणला होता,” काकू म्हणाल्या. “मले माहीत होतं. सगळ्यात जास्त त्यालेच जपलं मी. मी त्यांना शब्द दिला होता, भाऊ.”

बाबांनी पेपरची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. काकू त्यांच्यामागून, मी काकूंच्या मागून. बाबा साड्यांच्या खालून वाकून कोपऱ्यात गेले. अनंताचं खोड धरून हलवलं तर ते सैल हललं. त्यांनी भिंतीपलीकडे चौधरी काकांना हाक मारून पहार मागितली. काकांनी ती भिंतीवरून दिली.

झाड सहज निघालं. मुळं काळी पडली होती, बोट लावलं की साल निघून येत होती. गटारासारखा वास आला. बाबांनी खड्ड्यात पहार मारली, ती एका वितीवर ठणकन आपटली. आणखी दोन-तीन ठिकाणी मारली, तिथेही तेच. बिल्डरने घरं बांधताना उरलेलं काँक्रीट त्या कोपऱ्यात ओतलं होतं आणि वर माती पसरली होती. परातीत झाड लावल्यासारखं ते होतं. पाणी जायला वाट नव्हती. मान तो तहानेने टाकत नव्हता.

काकू खड्ड्यात साचलेल्या पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

“ती याला एक तांब्याच घालायची,” बाबा म्हणाले. “बाकीच्यांना पाइप लावायची. याला एकच तांब्या. मी खिडकीतून बघायचो.”

“मग सांगायचं ना, भाऊ.”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

चौधरी काका भिंतीपलीकडेच उभे होते. बाबांनी पहारेची माती बोटाने पुसली आणि मला म्हणाले, “चहा टाक.” मी चहा घेऊन आले तेव्हा काकू गेल्या होत्या. बाबा पायरीवर बसले होते. मी दोन कप घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि दोन्ही कप गार होईपर्यंत आम्ही खड्ड्याकडे पाहत होतो.

त्यानंतर काकू आल्या नाहीत. भिंतीपलीकडे त्यांची भांडी वाजायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, त्यांचा आवाज यायचा नाही. मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “मनाले लावून घेतलं तिने. म्हणते, मी हात नाही लावणार आता तिथे.” आणि मग थोड्या वेळाने, “लग्नाले पस्तीस वर्षं झाली, गावाकडे केळीचं एक रोपबी मेलं तर तिने असंच केलं आहे.”

मे महिना होता. बाग आता माझ्याकडे होती, म्हणजे कोणाकडेच नव्हती. पाणी घातलं की मला अनंताची मुळं दिसायची, म्हणून मी अर्धा-अर्धा तांब्या घालायचे, कधी तेवढंही नाही. आळ्यातल्या चोथ्याला हात लावायची इच्छा होत नव्हती. एका सकाळी मोगऱ्याने मान टाकली. संध्याकाळीही उठला नाही. दुसऱ्या सकाळी जुईची पानं कडेने करपलेली दिसली.

मी भिंतीशी जाऊन उभी राहिले. मला लोकांना हाक मारायची सवय नाही. मी फोन करायच्या आधीसुद्धा मेसेज करते. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आत फोडणीचा वास होता. पहिल्यांदा ‘काकू’ म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही. मग पुन्हा म्हटलं. समोरून मांजर पळालं, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्याने म्हटलं असावं.

काकू खिडकीत आल्या. “काय झालं?”

“मोगरा सकाळीपण मान टाकतोय.”

“माती पाहिली का?”

“मला कळत नाही.”

गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग त्या भिंतीवरून आल्या, पूर्वीपेक्षा हळू, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून.

“मी पाणी घालणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी नुसती सांगीन. घालशील तू.” आणि तोंड फिरवून त्यांनी आमच्या उघड्या मागच्या दारातून, घराच्या आरपार, रस्त्याकडे हाक दिली, “हंसाबेन, इधर आव जरा. तूबी पाहा.”

हंसाबेन गाउनवरच आल्या. तिघी मोगऱ्याच्या आळ्याभोवती बसलो. काकूंनी चोथा बाजूला केला आणि मला बोट घालायला लावलं. मग हंसाबेननी घातलं, अगदी दुसऱ्या पेरापर्यंत.

“आ तो साव सुकुं छे,” हंसाबेन म्हणाल्या.

कोरडं. एकदम कोरडं. काकूंनी स्वतःचं बोट घालून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ते पाण्याने मेलं म्हणून याले तहानेने मारते का व?”

काकू हसायला लागल्या. आवाज न करता, तोंडावर पदर धरून, मातीत बसूनच. हंसाबेनना कारण नीट कळलं नाही, पण त्याही हसल्या. माझ्याही तोंडाचे कोपरे हलले असावेत, कारण काकू म्हणाल्या, “हां. जा आता, पाणी आण. अर्धी बादली. गार पाहून आण.”

त्या दिवशी आळी अर्धी फोडली. कुजलेला चोथा काढून कोरडा पाला पसरला. पुढचे दिवस सकाळी मी झाडांपाशी असायचे आणि काकू भिंतीपलीकडून, कधी चहाचा कप घेऊन, कधी भाजी निवडत, विचारायच्या, “लिंबू?” मी म्हणायचे “ओलं.” “सोड. कढीपत्ता?” “कोरडा.” “दे.” बाबा कंपनीच्या बसला निघायच्या आधी पायरीवर उभे राहून हे ऐकायचे. अनंताच्या खड्ड्यात बाबांनी एका रविवारी तासभर छिन्नी-हातोडा चालवला, काँक्रीट काही फुटलं नाही, मग माती लोटून सपाट केलं. तिथे काही लावायचं का, असं कोणी विचारलं नाही. बाकीची सगळी झाडं अजून आहेत.

मेअखेर चौधरी काका रिटायर झाले. गावाकडे घर होतं, दीर होते, केळी होती. रिटायरमेंटचं आम्हाला आधीपासून माहीत होतं, पण काकू त्याबद्दल बोलत नसत. जूनच्या पहिल्या आठवड्यात टेम्पो आला. आकाश अजून पांढरं होतं आणि ऊन एप्रिलसारखंच होतं.

बाबा कंपनीत होते. सामान चढवून होत आलं होतं, काका घरमालकाला किल्ली द्यायला गेले होते. काकू रस्त्यावर उभ्या राहून टेम्पोवाल्याला फ्रीज आडवा करू नको म्हणून सांगत होत्या. मी त्यांच्याजवळ उभी होते. निरोप देताना काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी ठरवलं होतं. इतकं सगळं केलंत, वगैरे. त्यातलं एक वाक्य मराठीत नीट बसत नव्हतं.

“पाऊस यायले अजून थोडे दिवस आहेत,” काकू मधेच मला म्हणाल्या. “तेवढे निघतील.”

“हो.”

“साड्या लगेच काढू नको.”

“नाही काढत.”

“अरे भाई, रस्सी ढिली है वो,” त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या.

टेम्पोची सावली रस्त्यावर अरुंद पट्टीसारखी पडली होती आणि आत सरकत होती. टेम्पोवाल्याशी दोरीवरून वाद घालता घालता, माझ्याकडे न बघता, काकूंनी माझं कोपर धरलं आणि मला एक पाऊल आत ओढलं. थोड्या वेळाने परत. त्यांनी ओढलं तशी मी सरकले. शेवटी माझी पाठ टेम्पोच्या फळीला लागली आणि त्या माझ्या बाजूला तशाच फळीला लागून उभ्या होत्या, नॅपकिनमधलं पाणी कानामागून मानेवर ओघळत होतं.

काका आले. काकू पुढच्या केबिनमध्ये चढल्या, ड्रायव्हर आणि काका यांच्या मधे. चढताना साडी पायात आली, ती त्यांनी शिवी देऊन सोडवली. काचेतून मला त्यांच्या डोक्यावरचा नॅपकिन तेवढा दिसत होता. ठरवलेलं वाक्य बोलायचं राहिलं. टेम्पो सुरू झाला, थोडा मागे आला, मग वळून कोपऱ्यावरून गेला.

मी तिथेच उभी होते. आपण उन्हात आहोत हे मला जरा वेळाने कळलं.